तिरंग्याची चित्रं तपासताना मुलांना अभिप्राय कसा द्यावा?

पाव_इम्पीरियल (कोल्हापूर)

आठवी ते दहावीच्या मुलांची साठेक चित्रं तपासायची आहेत. विषय 'तिरंगा आणि माझा परिसर', कागद पाव इम्पीरियल, माध्यम पोस्टर कलर. १५ ऑगस्टला शाळेच्या हॉलमध्ये ती लावायची आहेत. मार्क देण्याची अडचण नाही. प्रत्येक मुलासाठी दोन-तीन ओळी लिहायच्या आहेत आणि समोर बसवून बोलायचंही आहे, तिथे अडतंय.

चक्राचे आरे कुणाचे १६, कुणाचे २२, कुणाचे ३२. रंग भडक. हे झालं नेहमीचं. पण काही चित्रांत ध्वज ज्या तऱ्हेने आलाय ते नियमात बसतं का, याची खात्री नाही. एका मुलाने पदक जिंकलेल्या पैलवानाच्या खांद्यावरून ध्वज शालीसारखा सोडलाय. एकाने पांढऱ्या पट्ट्यावर 'जय जवान जय किसान' लिहिलंय. एका मुलीच्या चित्रात आजी फाटलेला ध्वज शिवतेय. शिरोळ भागातल्या एका मुलीने पुरात बुडालेली शाळा काढली आहे आणि पाण्याच्या वर फक्त ध्वज. चित्र म्हणून शेवटची दोन सगळ्यात ताकदीची, पण ती लावावीत की नाही यावर दुमत आहे.

मुलांचा हुरूप न मोडता आणि चुकीचंही न सांगता काय बोलावं?

---

रंकाळा_रेघ

आधी क्रम ठरवून घ्या. ध्वजाच्या चित्रात तीन गोष्टी गुंतलेल्या असतात: मुलाला काय म्हणायचंय, हाताला काय जमलंय आणि ध्वजसंहितेत, म्हणजे ध्वज कसा वापरावा याच्या नियमांत, काय बसतं. आपण मोठी माणसं तिसऱ्यापासून सुरुवात करतो. "अरे, आरे मोजलेस का?" हे पहिलं वाक्य असलं की मूल तिथंच मिटतं, पुढचं काही त्याच्या कानात शिरत नाही. म्हणून म्हणणं आधी, हात नंतर, नियम शेवटी. एका मुलाला चार मिनिटं पुरतात.

पहिली ओळ चित्रात दिसणाऱ्या गोष्टीची हवी. 'छान', 'सुंदर प्रयत्न' यातून मुलाला काहीच मिळत नाही, कारण तेच शेजारच्यालाही लिहिलेलं असतं. त्याऐवजी असं लिहा: "हिरव्या पट्ट्याच्या खालच्या कडेपासून तू उसाचा फड सुरू केलास, त्यामुळे ध्वज शेतातून वर आल्यासारखा वाटतो." हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही चित्राला लागू पडत नाही, तिथेच मुलाला कळतं की सरांनी आपलं चित्र बघितलंय. दुसरी ओळ प्रश्नाची, आणि प्रश्न खरा हवा. "तुला असं नाही का वाटत की चक्र लहान झालंय?" हा प्रश्न नव्हे, ती प्रश्नाच्या वेशातली चूक आहे. "ध्वज डाव्या कोपऱ्यात घेतलास, तिथेच का?" हा प्रश्न. तिसरी ओळ एकाच सुधारणेची. पाच चुका दिसल्या तरी एकच सांगायची, जी सुधारल्यावर चित्रात सगळ्यात जास्त फरक पडेल ती.

सुधारणा दाखवताना मुलाच्या चित्रावर पेन्सिल टेकवू नका. वर बटर पेपर धरा आणि त्यावर रेघ मारून दाखवा. मुलाचं चित्र मुलाचंच राहतं आणि बटर पेपर तो घरी नेतो.

आता आरे. १६ आणि ३२ कुठून येतात ते बघा. मुलं आधी अधिकचं चिन्ह काढतात, मग त्यात तिरके दोन व्यास. झाले आठ. पुन्हा अर्धे केले की १६, पुन्हा केले की ३२. चारापासून अर्धं अर्धं करत गेलं तर २४ कधीच येत नाहीत. सुरुवात सहापासून करावी लागते. वर्तुळ काढल्यावर कंपासचं अंतर न बदलता परिघावर खुणा करत जायचं, बरोबर सहा खुणा बसतात. प्रत्येक दोन खुणांच्या मध्ये एक घेतली की १२, पुन्हा मध्ये घेतली की २४. कोनमापकाने करायचं तर दर १५ अंशांवर खूण. २२ किंवा २३ आरे आले असतील तर मुलाने डोळ्याच्या अंदाजाने एकेक आरा काढलाय. शेवटची फट मोठी दिसेल, तीच ओळखण्याची खूण. त्या मुलाला "चुकलं" म्हणण्यापेक्षा "सहापासून सुरू कर" एवढं सांगितलं तरी काम होतं.

मापं: पाव इम्पीरियल म्हणजे साधारण ३८ बाय २८ सेंटिमीटर. त्यावर सपाट ध्वज काढायचा तर ३६ बाय २४ घ्या. ३:२ प्रमाण जुळतं, प्रत्येक पट्टा ८ सेंटिमीटरचा येतो, आजूबाजूला समासही उरतो. चक्राचा व्यास ७.४, म्हणजे कंपास ३.७ वर. हा आकडा माझ्या मनाचा नाही. प्रमाणित मापांत ३६०० बाय २४०० मिलिमीटरच्या ध्वजाला ७४० मिलिमीटरचं चक्र दिलेलं आहे, त्याचा हा दहावा भाग. चक्र पांढऱ्या पट्ट्याच्या कडांना टेकत नाही, वर-खाली जरासा पांढरा दिसत राहतो, हे मुलांना दाखवण्यासारखं आहे. बहुतेकांचं चक्र एक तर टेकलेलं असतं, नाही तर बटणाएवढं.

ध्वज फडकता असेल तर मात्र आरे मोजत बसू नका. कापडाला घडी पडली की चक्र लंबवर्तुळ होतं, घडीकडचे आरे दाटतात, काही मागे जातात. अशा चित्रात मुलाने अट्टहासाने २४ आरे सारख्या अंतरावर दाखवले की चक्र कापडावर चिकटवल्यासारखं दिसतं. समजावण्यासाठी साध्या कोऱ्या कागदाच्या पट्टीवर पेन्सिलने दोन आडव्या रेघा आणि मध्ये एक वर्तुळ काढा, पट्टी दोन पेन्सिलींवरून लाटेसारखी धरा आणि मुलाला ती समोरून बघायला सांगा. तिन्ही पट्टे एकाच लाटेत वळतात हे दहा सेकंदांत कळतं. सर्रास होणारी चूक म्हणजे वरची कड लाटेची आणि आतल्या दोन रेघा पट्टीने मारलेल्या सरळ.

रंगांबद्दल. बाटलीतला नारिंगी थेट लावला की भडक दिसतो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते, मुलांच्या डोळ्यांत देवळावरच्या पताकेचा लालसर भगवा पक्का बसलेला असतो आणि तोच ध्वजात उतरतो. संविधान सभेने २२ जुलै १९४७ ला ठराव केला त्यात गर्द केशरी, पांढरा आणि गर्द हिरवा असे शब्द आहेत. नारिंगीत थोडा क्रोम येलो मिसळून आधी रद्दी कागदावर वाळवून बघायला सांगा. पोस्टर कलर वाळल्यावर छटा बदलते आणि मुलं ओल्या रंगावर निर्णय घेतात. पोपटी हिरव्याला गडद हिरव्याची जोड द्यावी. चक्राला अल्ट्रामरीन निळ्यामध्ये काळ्याचा अगदी एक ठिपका, जास्त झाला तर चक्र काळं दिसतं.

पांढरा पट्टा कोरा कागद म्हणूनच ठेवावा. जेल पेनने चक्र काढून वरून पांढरा लावला की निळा सुटतो आणि पट्टा आकाशी होतो. केशरी आणि हिरवा पूर्ण वाळल्यावरच चक्र घ्यायचं. कडा सरळ याव्यात म्हणून चिकटपट्टी लावणार असाल तर ती आधी एकदा शर्टावर दाबून तिचा चिकटपणा कमी करा, नाही तर काढताना कागदाचा पापुद्रा निघतो.

---

कलम_दोन

नियमांचं मी सांगतो. वरच्या क्रमाशी सहमत आहे, नियम शेवटीच बोलावा, पण शिक्षकाने तो आधी वाचलेला असावा.

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भारतीय ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. आणि राष्ट्रीय प्रतिष्ठा अपमान प्रतिबंध अधिनियम १९७१ चा आहे. कलम २ खाली शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आपल्या कामाचा मुद्दा असा की या कायद्यात 'राष्ट्रध्वज' म्हणताना त्याचं चित्र, रेखाटन, छायाचित्र, इतकंच काय त्याचा एखादा भागसुद्धा धरलेला आहे. त्यामुळे "हे तर नुसतं चित्र आहे" असं म्हणून सोडून देता येत नाही. त्याच कायद्यात हेही स्पष्ट केलंय की ध्वजाबद्दल, संविधानाबद्दल किंवा सरकारच्या उपायांबद्दल कायदेशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून केलेली टीका किंवा नापसंती हा गुन्हा नाही. मुलांच्या चित्रात प्रश्न विचारलेला असतो तेव्हा हे लक्षात ठेवा आणि घाबरून जाऊ नका.

तुमची चित्रं घेऊ.

घोषणेचं चित्र: ध्वजावर कोणत्याही प्रकारचा मजकूर लिहिणं या कायद्याच्या २००३ च्या दुरुस्तीने अनादरात मोजलं जातं. घोषणा कितीही चांगली असली तरी तिची जागा पांढऱ्या पट्ट्यावर नाही. मुलाला असं सांगा: "तुझे शब्द चांगले आहेत, त्यांना ध्वजाबाहेर स्वतःची जागा देऊ. शाळेच्या भिंतीवर, ट्रॅक्टरच्या पाटीवर, की खालच्या समासात?" निवड मुलाची. पोस्टर कलर असल्यामुळे पांढऱ्याचे दोन पातळ हात देऊन अक्षरं झाकता येतात. एकच जाड हात दिला तर खालचा रंग सुटून वर येतो. पहिला हात पूर्ण वाळू द्या, दुसरा फिरवताना ब्रश एकदाच न्या, घासू नका.

याच नियमात आपण शिक्षक सापडतो. तांबड्या पेनने बरोबरची खूण, मार्क, सही, शाळेचा शिक्का, हे सगळं चित्रावरच्या ध्वजावर पडलं तर तोही मजकूरच. मार्क मागच्या बाजूला पेन्सिलने, अभिप्राय वेगळ्या चिठ्ठीवर. मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी समासात.

पैलवानाचं चित्र: ध्वज अंगावर वस्त्रासारखा घेणं अनादरात येतं, अपवाद शासकीय आणि सैन्यदलांच्या अंत्यविधींचा. विजयी खेळाडूच्या खांद्यावर ध्वज हे दृश्य मुलं टीव्हीवर बघतात, त्यामुळे मुलाचा हेतू स्वच्छ आहे हे आधी मान्य करा. मग सुचवा की पैलवानाने ध्वज दोन्ही हातांनी पाठीमागे उंच धरलाय असं दाखव: केशरी वर, चक्र दिसतंय, कापड ताणलेलं. चित्रालाही ते बरं. शालीसारखा सोडलेला ध्वज चुरगळतो आणि पैलवानाचे खांदे, म्हणजे ज्यासाठी पैलवान काढायचा तेच झाकतात. खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकी असो की नेमबाज स्वप्निल कुसाळेचं २०२४ चं पॅरिस, कांस्यपदक गळ्यात आहे हे दिसायला छाती मोकळी हवी.

आणखी दोन सापळे. ध्वज उभा टांगलेला काढला असेल तर केशरी पट्टा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला यायला हवा. मुलं तो बहुधा उजवीकडे काढतात. आणि कोलाजसाठी बाजारातले कागदी किंवा प्लॅस्टिकचे झेंडे कापायला देऊ नका. रंगीत कागदाचे तीन पट्टे वापरा.

---

घाटावरची_पाटी

शेवटच्या दोन चित्रांबद्दल मला लिहायचं आहे, कारण ती मागे पडली तर त्या दोन मुली पुन्हा असं काही काढणार नाहीत.

पुराचं चित्र. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे आपल्याकडच्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्या गावांनी बघितला तिथल्या मुलीसाठी 'माझा परिसर' म्हणजे पाणीच. तिने विषय अगदी बरोबर पकडलाय. अभिप्रायाची पहिली ओळ तीच असू दे: "परिसर म्हटल्यावर तू सजवलेलं गाव न काढता खरं गाव काढलंस."

कायद्याचं बघाल तर ध्वज मुद्दाम जमिनीला टेकू देणं किंवा पाण्यात ओढू देणं हे चुकीचं आहे. तिच्या चित्रात ध्वज पाण्याच्या वर आहे. म्हणजे तिने तो वाचवलाय. आता चित्रकार म्हणून तिच्याशी बोलण्यासारखं खूप आहे. ध्वजाची खालची कड आणि पाणी यांच्यात किती अंतर आहे ते मोजा. एक सेंटिमीटरच असेल तर लांबून ती दोन्ही एकमेकांना चिकटलेली दिसतील आणि "पाण्यातला ध्वज" असा गैरसमज होईल. चार-पाच सेंटिमीटर मोकळं आभाळ मध्ये सोडलं तर गैरसमजही जातो आणि ध्वजाचा एकटेपणाही वाढतो. पुराचं पाणी तिने निळं रंगवलं असेल तर विचारा, "पुराचं पाणी तुला कुठल्या रंगाचं आठवतं?" पुराचं पाणी गढूळ, मातकट असतं. पाणी बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात थोडा पांढरा आणि किंचित काळा घालून केलं की ध्वजाचे तीन रंग आपोआप उठून येतात. प्रतिबिंब काढू नको म्हणावं. वाहत्या गढूळ पाण्यात ते स्पष्ट पडत नाही, आणि पडलेलं दाखवलं तर ध्वज उलटा, हिरवा वर आणि केशरी खाली, असा दिसेल.

त्या मुलीने पूर बघितलेला असण्याची शक्यता आहे. "तुमच्या घरात किती पाणी होतं?" असं वर्गासमोर विचारू नका. चित्राबद्दल विचारा, सांगायचं असेल तर ती स्वतः सांगेल. हे बोलणं बाजूला बसवून करावं.

आजीचं चित्र. फाटलेला, मळलेला ध्वज फडकवायचा नसतो आणि निकामी झालेला ध्वज खाजगीत, पूर्णपणे, शक्यतो जाळून नष्ट करायचा असतो, असं संहिता सांगते. म्हणजे शिवून पुन्हा लावणं ही संहितेतली पद्धत नव्हे. पण मुलगी काही पद्धत शिकवत नाहीये, ती जपणूक दाखवतेय, आणि माझ्या मते ते अनादरात बसत नाही. अडचण बघणाऱ्याच्या नजरेची आहे. प्रदर्शनात माणूस एका चित्रासमोर काही क्षण थांबतो. त्या क्षणांत त्याला आधी फाट दिसली तर त्याच्या मनात 'फाटका ध्वज' बसतो, आधी सुई-दोरा दिसला तर 'शिवणारी आजी' बसते. म्हणून सुधारणा अशी: उजेड आजीच्या हातावर आणि सुईवर. दोरा चित्रातला सगळ्यात उजळ रंग. फाट बरीचशी शिवून झालेली, बोटभर उरलेली. ध्वज मांडीवर, त्याचं एकही टोक जमिनीला टेकलेलं नाही. केशरी वरच्या बाजूला. फाट चक्रातून जात असेल तर ती पट्ट्याच्या कडेकडे न्या, कारण चक्रावर भेग दिसली की लोक बाकी काही बघत नाहीत.

मुलीला यातलं सगळं एकदम सांगू नका. "तुझ्या चित्रात पहिल्यांदा काय दिसावं असं तुला वाटतं?" एवढं विचारा. ती "आजीचे हात" म्हणेल. मग "ते सगळ्यात उजळ कसे करू या?" इथून पुढे ती स्वतः जाते.

आणि लावायचं की नाही हे चित्र लावायच्या आधी मुख्याध्यापकांशी बोलून घ्या. लावून मग काढलं तर मुलीला ते शिक्षेसारखं वाटेल. दोन्ही चित्रांखाली मुलींच्याच शब्दांत दोन ओळींची पाटी ठेवा, निम्मे आक्षेप तिथेच विरतात.

---

पाव_इम्पीरियल (कोल्हापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. सहापासून सुरुवात करण्याचं आजच फळ्यावर करून दाखवलं, २४ बरोबर आले.

दोन गोष्टी राहिल्या. पेठेतल्या काही मुलांनी परिसर म्हणून फुटबॉल काढलाय आणि तिरंग्याबरोबर ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे आहेत. त्यावर काय म्हणावं? आणि प्रदर्शनानंतर चित्रांचं काय करावं?

---

रंकाळा_रेघ

कोल्हापुरात फुटबॉल आला नसता तरच नवल. दुसऱ्या देशाच्या झेंड्यालाही तेवढीच काळजी लावायला सांगा. ब्राझीलच्या निळ्या गोलात २७ तारे असतात, अर्जेंटिनाच्या सूर्याला ३२ किरणं, १६ सरळ आणि १६ नागमोडी. एवढं लहान आकारात येत नसेल तर झेंडे कमी काढून मोठे काढ म्हणावं. तिरंगा त्यांच्यापेक्षा लहान किंवा खाली आलेला नसावा, सगळे एकाच आकाराचे आणि एका ओळीत. अशा ओळीत तिरंगा सगळ्यात उजवीकडे असतो, म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या डाव्या टोकाला. यावर मुलांशी गप्पा चांगल्या रंगतात, रागवायचं कारण नाही.

---

कलम_दोन

लावताना ध्वजाच्या भागातून टाचणी घालू नका. चित्र मोठ्या कार्डशीटवर मागून चिकटवा आणि टाचण्या कार्डशीटच्या कोपऱ्यांत. खालची कड जमिनीपासून निदान तीन फूट वर असू दे, म्हणजे झाडू-पोछाचं पाणी उडत नाही आणि लहान मुलांचे पाय लागत नाहीत. तिरंग्याची रांगोळीही घालणार असाल तर ती दारात, येण्याजाण्याच्या वाटेवर नको. टेबलावर किंवा चौथऱ्यावर.

संपल्यावर चित्रं शाळेच्या रद्दीत जाऊ देऊ नका. त्याच आठवड्यात ज्याची त्याला परत द्या. गुंडाळायची तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, नळी तीन इंचांपेक्षा बारीक न करता. पोस्टर कलर जाड असेल तर बारीक नळीत त्याला तडे जातात आणि पहिला तडा केशरी पट्ट्यात दिसतो, कारण तिथं मुलं रंगाचे दोन-तीन हात देतात. सपाट नेता आलं तर उत्तमच.

---

घाटावरची_पाटी

अभिप्रायाची चिठ्ठी मागे चिकटवूनच परत द्या. डिंक फक्त वरच्या कडेला, म्हणजे पाणी शोषून चित्राच्या बाजूला फुगवटा येत नाही.